जगली त्यांची मोजणी

भरे गावच्या धोंडाबाईनं विहिणीला बसायला पोतं टाकलं, पण पाण्याचा तांब्या काही पुढं केला नाही. रंभाबाई मुळशीकडच्या टेपवाडीहून भिजत आली होती. इरलं दाराबाहेर उभं करून ती ओटीच्या कडेला उकिडवी बसली. लेकीला बाळंतपणाला न्यायला आलेल्या आईचा मान काय असतो हे सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. पण मान द्यायचं ज्याच्या मनातच नाही, त्याच्यापुढं मुलखाचा काय इलाज?

“न्या,” धोंडाबाई म्हणाली. “दोन डाव भरल्या पोटानं नेली नि रिकाम्या हातानं आनून सोडली. मी तवा काय बोलले का?”

“न्हाई बोलला, इहीणबाई.”

“आता बोलती. ह्या डावाला पोर घिऊन आली तर घर तिचं. न्हाईतर तिकडंच ऱ्हाऊं द्या. जयसिंगाला दुसरी बगून ठिवलीया मी.”

जयसिंग, रंभाबाईचा जावई, दाराशीच दावं वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. रंभाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. माणसानं एवढं ऐकून ‘आई, गप की’ इतकं तरी म्हणावं. पण तो दाव्याला पीळ देत राहिला, आणि पीळ चांगला बसला की नाही ते अंगठ्यानं चाचपत राहिला.

“म्या सोता करती तिचं समदं,” रंभाबाई म्हणाली. “टेपवाडीची पोरं माज्याच हाताखाली झाल्याती.”

“म्हनून तर धाडतीया. हाताला गुण हाय म्हनत्यात तुमच्या. दिसू द्या की तो आमाला बी.”

रंभाबाईची लेक गोजरा आतून गाठोडं घेऊन आली. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला, पोट मात्र पुढं आलेलं. सासूच्या पायावर डोकं ठेवताना तिला वाकता येईना, तेव्हा तिनं उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. धोंडाबाईनं तेवढंही बघितलं नाही.

पौडपर्यंत मोटार मिळाली. पुढं पावसानं रस्ता खचलेला, म्हणून मायलेकी चालत निघाल्या. गोजरा थोडं चालायची, मग बांधाला टेकायची. एका ओढ्याच्या कडेला ती बसली ती उठेचना.

“आये, ह्यो तरी जगंल का गं?”

“जगंल. सटवाईला कोंबडी बोललीया म्या.”

“मागल्या टायमाला बी बोलली हुतीस.”

 रंभाबाईनं लेकीच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि ओढा उतरवला.

टेपवाडी धरणाच्या वर, टेकाडाच्या कुशीत. खाली नजर जाईल तिथवर पाणीच पाणी, आणि प्यायचं म्हटलं तर वाडीच्या बाया हंडे घेऊन मागच्या झऱ्यावर जायच्या. वर पठारावर म्हसू धनगराचा वाडा, म्हणजे त्याच्या मेंढ्या, चार पोरं आणि बायको तानूबाई. खाली भाताची खाचरं. भादवा लागला होता, भातातलं तण काढायची बेणणी चालू होती. रंभाबाई सकाळी चिखलात उतरायची ती दिवस मावळता वर यायची. बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी फुटल्या होत्या. कुणाच्या घरी कळा सुरू झाल्या की मात्र बांधावरूनच हाक यायची, आणि ती तशीच हात धुऊन निघायची. तिचा नवरा कोंडिबा कधी आडकाठी करीत नसे. सुईणपण त्याच्या आईकडून सुनेकडं आलं होतं, आणि घराला वाडीत जो काही मान होता तो त्याचाच होता.

सासूनं मरताना रंभाबाईच्या हातात विळा दिला होता. वाडीतल्या नाळा त्या विळ्यानंच कापायच्या. तो दुसऱ्या कामाला वापरायचा नाही, आणि धुवायचा तर मुळीच नाही. धुतला तर पोराचं नशीब धुऊन जातं. कामापुरता हळदीच्या बोटानं पुसायचा आणि आढ्याला खोचायचा. कापलेल्या जागी गोठ्याच्या मेढीखालची चिमूटभर माती हळदीत कालवून दाबायची. जिथं गुरं बसतात तिथं बरकत असते, वासराची बेंबी त्याच मातीत सुकते, मग माणसाच्या पोराची का सुकू नये? पाचवीच्या दिवशी विळा पाट्यावर मांडून पुजायचा. इतकं सगळं सांभाळून रंभाबाईनं कधी कुणाकडून लुगडंसुद्धा मागून घेतलं नाही. देतील तो खण, देतील ते पायलीभर भात घ्यायची आणि तान्ह्याच्या कपाळाला बोट लावून घरी यायची.

पोरं मरत होती, ते खरं. चांगलं रडणारं, दूध पिणारं पोर आठवड्याच्या आत तोंड मिटायचं. जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं, वारं लागलं तरी आकडी यायची. मग दोन दिवसांत सगळं संपायचं. सटवाईनं नेलं म्हणायचं आणि खड्डा खणायचा. सासूच्या वेळीही अशीच जात होती. जगलीही पुष्कळ होती, म्हणून तर कुणाच्या मनात काही आलं नाही. पण यंदाच्या पावसाळ्यात एकामागून एक गेली. नथूच्या घरचं गेलं, बहिरूच्या घरचं गेलं. वाडीत तान्ह्याचं रडणंच ऐकू येईनासं झालं.

त्या दिवसांत पौडहून एक ग्रामसेविका येऊ लागली होती. वयानं पोक्त, कपाळ मोकळं, पायात रबरी चपला, काखेत छत्री. तिला शिकवून पाठवलं होतं ते शिवण, परसबाग आणि बिनधुराची चूल. पण चुलीचं सांगायला बसली की बाया माना डोलवायच्या आणि उठून जायच्या. मग तिनं सांगणं बंद केलं आणि ऐकणं धरलं. कागद काढला की माणसं तोंड शिवतात हे तिला कळलं होतं, म्हणून कागद पिशवीतच राहिला. ती झऱ्यावर बायांत बसली, देवळाच्या पारावर बाप्यांत बसली, पठारावर धनगराच्या वाड्यावरही जाऊन बसली. सगळीकडं एकच विचारलं: तुमच्या जिवाला काय लागलंय?

झऱ्यावर पहिल्यांदा पाण्याचं निघालं, मग सासवांचं निघालं, आणि मग गेनबाची बायको सारजाबाई हंडा घासता घासता म्हणाली, “पोरं ऱ्हाईनात, बाई.” एवढं म्हटल्यावर बाकीच्यांचे हंडे थांबले. ज्या बायांनी आपल्या नवऱ्याजवळ कधी शब्द काढला नव्हता त्या बोलायला लागल्या. कुणाचं कसं हसलं होतं, कुणाच्या मुठी कशा वळल्या होत्या, कुणाला दूध दाटलेलं ओसरीवर पिळून टाकावं लागलं होतं. रंभाबाई तिथंच होती. तिनंही गोजराची दोन सांगितली आणि पदर तोंडाला लावला. सारजाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

सेविका सगळीकडं ऐकून आली आणि म्हणाली, “आता एकदा सगळी मिळून बसू. तिकडं त्यांनी काय सांगितलं ते तुम्ही ऐका, तुम्ही काय सांगितलं ते ते ऐकतील. मला काय वाटतं ते बाजूला राहू द्या. सगळ्यांचं एकत्र ठेवल्यावर काय दिसतं ते बघू.”

बैठक बहिरोबाच्या देवळात बसली. पाऊस बारीक चालला होता. बाप्ये खांबांना टेकून, बाया मागं भिंतीशी, म्हसू आणि तानूबाई पायरीवर, छपराच्या थेंबांखाली. धनगराला कुणी आत ये म्हटलं नाही आणि तोही आला नाही. गोजरा घरी निजली होती.

गेनबानं बाप्यांचं सांगितलं: पोरं मरतायत, देवाचं काहीतरी चुकलंय. सारजाबाईनं बायांचं सांगितलं. म्हसू म्हणाला, “आमचं काय? आमाला गवात हाय, पानी हाय. पोरांचं दुक आमाला न्हाई.”

हे तो सरळपणानं बोलला. पण देवळात सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या.

सेविकेला वाटत होतं पाण्यात दोष असावा. तसं ती म्हणालीही. त्यावर नथूची बायको भिंतीशी बसल्या बसल्या म्हणाली, “बाई, तानी पोरं पानी कुटं पित्यात? ती तर अंगावरलं पित होती.” सेविका म्हणाली, “खरंय तुमचं. मग पाणी नसेल.”

इतका वेळ गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसलेला भिवाजी गुरव आता पुढं सरकला. “आमच्या घराघरात मरत्यात,” तो म्हणाला, “आन वाड्यावर एक बी मरत न्हाई. चार झाली, चारी हायेत. का म्हनं? कुनाच्या तरी आयुक्षाची येळ कुनीतरी वडून घेतंय.”

“कोन घेतंय?” म्हसू उठून उभा राहिला.

“नाव घ्यायचं देवाला कळतं. कौल लावू.”

चार तोंडांनी एकदम गलका केला. कुणाला आठवलं, तानूबाई नथूच्या घरावरून गेली त्याच आठवड्यात पोरगं गेलं. कुणाला आठवलं, तिनं बहिरूच्या तान्ह्याला ‘गोड हाय गं’ म्हटलं होतं. ज्या गोष्टी झऱ्यावर कुणाच्या मनातही नव्हत्या त्या आता आठवणी होऊन वर येत होत्या. आणि खरं सांगायचं तर रंभाबाईच्या छातीवरचा दगड त्या घटकेला हलका झाला. कारण सापडलं. धनगर हाकलले की गोजराचं पोर राहील. तिनं मनातल्या मनात देवाला हात जोडले.

तानूबाई पायरीवरून आत आली. तिच्या डोक्यावरचं घोंगडं निथळत होतं.

“मेल्याली मोजताय,” ती म्हणाली. “जित्ती का न्हाई मोजत? मोजा की. ज्येची जगली त्येनं सांगावं कशी जगली. म्या पयलं सांगती. माजी चारी रानात झाली. सुईन न्हाई का काय न्हाई. कळकाची ओली कांब सोलायची, तिच्या धारंनं नाळ कापायची, लोकरीचा दोरा बांदायचा. वर काय लावायचं न्हाई. चेटूक असंल तर ह्येच हाय बगा.”

बाप्ये हसले. पण सेविका म्हणाली, “बोलताहेत ते ठीकच आहे. जगलेली सांगा.”

मग कुणी सांगेना. दुःख सांगायला माणूस हळूहळू का होईना धजतो. आपलं जगलेलं पोर चारचौघांत सांगायला बाई भिते, दृष्ट लागेल म्हणून. शेवटी सारजाबाई म्हणाली, “माजा भिकू लावनीच्या खाचरात झाला. रंभाबाय त्या दिसी लेकीकडं गेली हुती. जावंनं गवताच्या पातीनं कापली नाळ, आन बांदली लुगड्याच्या दशीनं. जगला. त्येच्या मागची पोरगी घरात झाली.” ती थांबली. “ती गेली.”

दुसरी एक म्हणाली, “माजा पौडच्या दवाखान्याच्या पडवीत झाला. बाजाराला गेले नि तितंच कळा आल्या. तितल्या बाईनं कातर चुलीवर उकळत ठिवली हुती. मला वाटलं च्या करत्यात.”

कुणी हसलं नाही. आणखी दोघींनी सांगितलं. एकीचं वाटेत झालं होतं, एकीचं ओढ्याला पूर असताना ओढ्याच्या पलीकडं. सगळी जगली होती. बोलणाऱ्या बाईचा आवाज दर वेळी पहिल्यापेक्षा बारीक होत गेला, आणि मग बोलणं संपलं. छपराचं पाणी पडत होतं तेवढंच ऐकू येत राहिलं. सारजाबाई खाली बघत होती. नथूची बायको रंभाबाईच्या हातांकडं बघत होती, आणि रंभाबाईनं ते पाहिलं तेव्हा तिचे हात तिलाच जड वाटायला लागले. तिनं ते पदराखाली घेतले.

सगळ्यांना कळलं होतं. पण ज्या बाईनं तुमच्या बायकोचं रक्त पुसलं, जिनं तुम्हाला स्वतःला जन्माच्या वेळी उलटं धरून पाठीत चापटी मारली, तिला कोण म्हणणार? बाप्यांनी घसा साफ केला. सेविका एकदा रंभाबाईकडं बघून तोंड उघडणार होती, पण तीही बाहेरची बाई, तिनं मिटलं. पौडकडचा ओढा भरला होता, म्हणून ती रात्रीपुरती वाडीतच थांबणार होती. उद्या बोलू म्हणाली. आणि गेनबा उठत म्हणाला, “लावू सकाळच्याला कौल. देव सांगंल ते.”

म्हणजे धनगरांवरच आलं. रंभाबाई काही बोलली नाही. घरी येऊन तिनं भाकऱ्या थापल्या, लेकीच्या पायाला तेल चोळलं, आणि नवऱ्याला जेवायला वाढलं. कोंडिबा पहिला घास घेता घेता थांबला. “कायतरीच बोलत्यात बाया,” तो म्हणाला. “ध्यान देऊ नगं.” तिनं त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा तो ताटात बघत होता.

उजाडता उजाडता गोजराला कळा सुरू झाल्या. रंभाबाईनं चूल पेटवली, पाणी ठेवलं, सवयीनं हात आढ्याकडं गेला आणि तिथंच राहिला. दोष विळ्याचा असेल तर दुसरी पाती घेता येईल. मातीचा असेल तर माती नको. पण तिच्या हातांचाच असला तर? हे हात तोडून कुठं ठेवायचे? गोजरा उशीला कवटाळून कण्हत होती. “आये, ये ना गं,” ती म्हणाली. रंभाबाईला पाऊल पुढं टाकता येईना.

ती शेजारी सारजाबाईला बोलवायला गेली. सारजाबाई काही न विचारता हातातलं शेण टाकून आली. दारात थांबून तिनं एवढंच विचारलं, “इळा कुटं हाय?”

“आढ्याला.”

“तितंच ऱ्हाऊं दे,” सारजाबाई म्हणाली आणि गोजराच्या पाठीशी जाऊन बसली.

रंभाबाई पठारावर निघाली. चढण निसरडी झाली होती. ती दोनदा पडली, गुडघा फुटला, लुगडं चिखलात गेलं. वाड्यावर म्हसू सामान बांधत होता. कोकरं पिंजऱ्यात घातली होती, भांडी घोंगड्यात. तानूबाई चूल विझवत होती.

“तानू, चल,” रंभाबाई दम टाकत म्हणाली. “गोजाचं कर.”

“मी?” तानूबाई म्हणाली. “मी तर येळ वडून घेती न्हवं?”

“पाया पडती तुज्या.”

ती खरंच खाली बसली. म्हसू मध्ये आला. तो चांगला माणूस होता, पण रात्रभर झोपला नव्हता.

“रंभामावशी, उद्या त्या पोराला कायबी झालं तर खालची मानसं ह्यिला जित्ती सोडत्याल का? काल समद्यांना समदं कळलं. तुमाला बी कळलं. आन समदी गप ऱ्हायली. तुमी तितं जाऊन बोला, मंग ती येईल. न्हाई बोलायचं तर आमाला वाट धरू द्या.”

“तवर पोर हुईल रे.”

“मंग बिगीबिगी चला.”

तानूबाईनं कुडाजवळच्या कळकाच्या, बांबूच्या बेटातनं एक ओली कांब तोडून कंबरेला खोचली, लोकरीचा दोरा घेतला, आणि तिघं खाली उतरायला लागले. रंभाबाई पुढं होती. बहिरोबाचं देऊळ दिसायला लागलं. लेकीचं घर वाचवायचं तर स्वतःचं घर मोडायचं होतं. ते तिला पठारावरच समजलं होतं, उतारावर फक्त जवळ येत होतं.

देवळात माणसं जमली होती. भिवाजीनं बहिरोबाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या होत्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तो प्रश्न घालत होता: ‘धनगराच्या पायी हाय का, देवा?’ कोंडिबा सगळ्यांच्या बरोबर हात जोडून उभा होता. सेविका कोपऱ्यात उभी होती. तिनं काहीतरी बोलून पाहिलं असावं आणि कुणी ऐकलं नसावं.

“द्येवाला कशाला इचारताय?” रंभाबाई म्हणाली. “मला इचारा.”

भिवाजीनं मागं बघितलं. तिच्या लुगड्याचा चिखल देवळाच्या फरशीवर पडत होता.

“पोरीच्या कळा बगून डोस्कं फिरलंय हिचं,” गेनबा म्हणाला. “कोंडिबा, घरी ने तिला.”

“सारजाची लेक,” रंभाबाई म्हणाली. “नथूचा थोरला आन आत्ताचं. बहिरूचं. माज्या गोजाची दोन. समद्यांची नाळ म्या कापली, समद्यांना माती म्या लावली. काल तुमी जित्ती मोजली. जितं मी नव्हते तितली समदी जगली. तुमाला कळलं. माजी लाज राखायची म्हनून तुमी गप बसला, नि ह्या बाईवर घातलं. म्या बी गप बसले.”

“अगं, तुज्या हातची जगल्याती बी,” गेनबा म्हणाला. त्याचा आवाज तिला समजावत होता, विनवत होता. “मी हाय की.”

“तू माज्या सासूच्या हातचा. जगला तो तुज्या नशिबानं. ती मेली ती माज्या हातानं. इळ्यानं का मातीनं का हातानं, ते मला कळत न्हाई. पर मीच.”

नथूची बायको मटकन खाली बसली. ती रडली नाही, फक्त जमिनीवर हात फिरवत राहिली. सेविका पुढं येऊन म्हणाली, “मावशी, तुम्हाला ठाऊक नव्हतं हो. अजाणता झालं.”

“न्हवतं ठावं,” रंभाबाई म्हणाली. “म्हनून काय ती उठून येत्यात?”

कोंडिबानं खांद्यावरचं घोंगडं डोक्यावर घेतलं आणि तो कुणाकडं न बघता खाचराच्या वाटेनं चालता झाला. कळ्यांचं काय झालं ते कुणी पाहिलं नाही. रंभाबाईनं वळून तानूबाईला हात केला आणि दोघी घराकडं पळाल्या.

पोर आलं तेव्हा रंभाबाई ओसरीवर होती. आत जायचं तिनं स्वतःच टाळलं. भिंतीला कान लावून ती बसली होती, आणि आतून तानूबाईचं ‘अजून, अजून येक’ ऐकून तिचेच दात आवळले जात होते. मग रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, रागीट रडणं. सारजाबाई बाहेर येऊन म्हणाली, “ल्योक हाय.” एवढं सांगून ती तिच्या बाजूनं निघून गेली. रोज जाताना ती ‘येते गं’ म्हणायची.

पुढचे दिवस रंभाबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. ती रांधायची, भाकरीचं ताट खोलीच्या दारात ठेवायची आणि उंबऱ्याच्या बाहेर बसून पोराच्या तोंडाकडं बघायची. पोरानं जांभई दिली तरी ती अर्धी उठायची. जबडा उघडतो का, मूठ सुटते का, वारा आला की अंग ताठतं का. तानूबाई सकाळी येऊन नाळ बघून जायची. आता ती दारातून सरळ आत यायची आणि कुणी काही म्हणत नसे. झऱ्यावर रंभाबाई गेली की बोलणं थांबायचं. कुणी वाईट बोललं नाही. उलट तिचा हंडा आधी भरू द्यायच्या. ते तिला शिव्यांपेक्षा जड गेलं. कोंडिबा बेणणीला एकटाच जायचा, आणि आल्यावर जेवून पडवीत निजायचा. पाचवीला पाट्यावर काहीच मांडलं नाही.

आठवडा उलटला. पोरानं तोंड मिटलं नाही. त्याची बेंबी सुकून गळून पडली, आणि त्याचं रडणं वाडीच्या टोकापर्यंत जायला लागलं. भऱ्याला निरोप गेला. जयसिंग बैलगाडी घेऊन येणार, असा उलटा निरोप आला. धोंडाबाईनं पोरासाठी टोपडं पाठवलं होतं.

त्या दिवशी दुपारी उघडीप पडली होती. गोजरा भिंतीला टेकून पोराला पाजत होती. तो चुरूचुरू ओढत होता. रंभाबाई उंबऱ्याबाहेर बसून बघत होती. आपण मागितलं ते देवानं दिलं, लेकीचं घर राहिलं, असं ती स्वतःला सांगत होती. पण पोर जसजसं पीत होतं तसतशी आधीची सगळी पोरं तिच्या माथ्यावर पक्की होत होती. हे मेलं असतं तर निदान शंका तरी उरली असती. असा विचार मनात आला म्हणून तिनं आपल्याच गालात मारून घेतली.

“आये,” गोजरा म्हणाली.

“काय गं?”

“मला वाटायचं माजंच प्वाट वंगाळ. सासू म्हनायची, नि मला बी तसंच वाटायचं. दोन वर्सं त्याच घरात मान खाली घालून काडली म्या.”

रंभाबाई उंबऱ्यावरची माती नखानं खरवडत राहिली.

“तू तवा रडायचीस माज्यासंगं. मी तुज्या मांडीवर डोस्कं ठिवायची.”

“व्हय.”

“पयली दोन बी जगली असती.”

“व्हय, बाय.”

गोजरानं पोराला छातीपासून सोडवलं. त्याच्या ओठावर दूध होतं. पिऊन झाल्यावर पोराला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा असतो. रंभाबाईनं वाडीच्या कितीतरी पोरांचा काढला होता. तिला राहवेना. ती उंबरा ओलांडून आत आली, पदराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि पुढं केले.

“आन हिकडं. मी निजवती त्येला.”

गोजरानं पोराला उचललं आणि दुसऱ्या अंगाला, भिंतीच्या बाजूला घेतलं. वरून पदर ओढला.

“नगं,” ती म्हणाली. “तू नगं हात लावू त्येला.”

“बरं,” रंभाबाई म्हणाली आणि पुढं केलेले हात कुठं ठेवावेत ते न कळून तशीच उभी राहिली.